आजीच्या मरणाची नोंद

(महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मृत्यूचे जुने दाखले : कायदा आणि कार्यपद्धती’ असा विषय छापला आहे. कायदा मी सांगणारच आहे. पण आधी माझ्या घरातली हकीकत सांगते, कारण ही कलमं मी पुस्तकात वाचून शिकले नाही. आईचा हात धरून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढताना शिकले. माणसांची, गावाची नावं मी घेणार नाही. प्रकरण अजून संपलेलं नाही, आणि भावकीतली माणसं उद्याही लग्नाकार्यात भेटणार आहेत.

माझ्या आईचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात. आजी, म्हणजे आईची आई, तरुणपणीच विधवा झाली. पदरी एकच मुलगी. कुटुंब एकत्र होतं, जमीन दिरांच्या ताब्यात. पंचांनी बसून तिला पोटगीसाठी तीन एकर जिराईत तोडून दिली. ‘हयातीपर्यंत’ असा शब्द घालून १९४९ साली फेरफार झाला आणि जमिनीला आजीचं नाव लागलं. ती जमीन तिने स्वतः कसली. बाजरी, मटकी, हुलगा, जे येईल ते.

आजी गेली तेव्हा आई अकरा-बारा वर्षांची होती. मामा तिला आपल्याकडे घेऊन गेले. जमीन एका चुलत्याने वाट्याने करायला घेतली आणि माणूस शब्दाचा पक्का होता. पीक आलं त्या वर्षी अर्धा वाटा पोत्यात भरून घरी पाठवायचा, नाही आलं तर तसा निरोप धाडायचा. आईचं लग्न झालं, आम्ही झालो, तरी पोतं येत राहिलं. सातबारावर नाव आजीचंच राहिलं. मेलेल्या बाईचं नाव साठ वर्षं तिथे होतं आणि कुणाला ते खुपलं नाही, कारण त्या माळाला किंमतच नव्हती.

मग उपसा सिंचनाचं पाणी आलं. चुलते तोवर वारले होते. २०२१ साली त्यांच्या नातवांनी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. सोबत प्रतिज्ञापत्र : सदर बाई १९५५ साली मयत झाली, सबब जमीन आमच्या आजोबांकडे परत आली. चावडीवर नोटीस लागली. ती आम्हाला कळवली तलाठ्याने नाही, तिथल्या बचत गटातल्या एका बाईने. पंधरा दिवसांच्या आत आम्ही हरकत घेतली म्हणून तो फेरफार तक्रारी झाला. नाहीतर सगळं तेव्हाच संपलं होतं.

आता १९५५ हेच साल का, हे समजून घ्या. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला अमलात आला. त्याच्या कलम १४ ने बाईच्या ताब्यात असलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. तोवर बाईचा हक्क हयातीपुरता असायचा, ती गेली की जमीन परत भावकीकडे. आणि पोटगीदाखल मिळालेल्या जमिनीवर ‘हयातीपर्यंत’ असं लिहिलं असलं तरी ती बाई पूर्ण मालकच होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुलसम्मा विरुद्ध शेष रेड्डी या खटल्यात सांगितलं. म्हणजे आजी १९५५ साली गेली असेल तर जमीन दिरांच्या वंशाची. १७ जून १९५६ नंतर गेली असेल तर ती मालक म्हणून गेली आणि वारस तिची मुलगी. तीन एकर कुणाचे हे एका तारखेवर ठरणार होतं. अर्ज लिहिणाऱ्याला कायदा चांगला माहीत होता.

आईला विचारलं, आजी कधी गेली? आई म्हणाली, “मला सालबिल ठाऊक न्हाई. कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी गेली. गावातली समदी मानसं पंढरपूरला गेल्याली. खांद्याला मानसं शेजारच्या वाडीतनं आनली.” तिथी पक्की, साल नाही. आपल्या आयांचं असंच असतं. श्राद्धाला तिथी लागते, साल लागत नाही.

मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकाने सांगितलं, आमच्याकडे १९७० पासूनची वही आहे, त्याआधीचं तहसीलला बघा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं असतात. ती बघायला मला सात हेलपाटे पडले. एकदा साहेब मीटिंगला, एकदा किल्ली नाही, एकदा “बाई, तुम्हाला आत धूळ सोसणार नाही.” शेवटी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि रुमाल सुटले. १९५३ ते १९५६ ची रजिस्टरं होती, १९५८ चं होतं. १९५७ चं नव्हतं.

तरी मी १९५५ चं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. ते वाचणं मी विसरणार नाही. ताप, हगवण, खोकला, बाळंतपण. पुरुषाची नोंद असेल तर नाव, बापाचं नाव, आडनाव. बाईची नोंद असेल तर कितीतरी ठिकाणी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, पुढे वय आणि कारण. नाव नाहीच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता कुणाची बायको, कुणाची मुलगी एवढंच सांगितलं होतं. ते वाचून मला वाटायचं की हे तिकडचं. आमच्या तालुक्याच्या रुमालात तेच बांधून ठेवलेलं होतं.

१९५५ च्या वहीत आजी नव्हती. ना नावाने, ना कुणाची विधवा म्हणून, ना भावजय म्हणून. मी खूश झाले. पण समोरचे वकील पुढे काय म्हणाले ते ऐका : “त्या काळी बायकांच्या नोंदी व्हायच्याच नाहीत, त्यामुळे नोंद नाही याचा अर्थ ती जिवंत होती असा होत नाही.” बायकांची नोंद न ठेवणारी व्यवस्था, आणि त्या न ठेवण्याचा पुरावाही बाईच्याच विरोधात. उत्तर मला तिथे सुचलं नाही. रात्री घरी येऊन मी खूप चिडले.

तहसीलदारांकडून १९५७ चं रजिस्टर उपलब्ध नसल्याचं लेखी घेतलं, ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचा दाखला घेतला, आणि २०२२ साली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात अर्ज केला. मृत्यूची नोंद करण्याचा हुकूम ग्रामपंचायतीला द्यावा, असा. तारखेसाठी पुरावा गोळा करायला लागलो. जुना पीकपाहणीचा उतारा मिळाला. १९५६-५७ सालात कसणाऱ्याच्या रकान्यात आजी, रीत १, म्हणजे खुद्द. समोरचे म्हणाले, तलाठी घरी बसून मागचंच उतरवून काढत होता. आमच्या घराण्याचे हेळवी येतात, त्यांची वही उघडून घेतली. त्यात खापरपणजोबांपासूनचे पुरुष ओळीने सापडले. आजोबांचं नाव होतं आणि पुढे रेघ मारलेली होती. मुलगा नाही म्हणून वंश तिथे संपला, असा त्याचा अर्थ. माझी आई शेजारी बसून ते ऐकत होती.

एके दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, “आयनं मला नवा पैसा दिल्याला. तांब्याचा, लई बारका. आन्याचं किती व्हत्यात ते तिला उमगंना म्हून बाजारातनं भांडून आल्ती.” मी उठून बसले. नवे पैसे सुरू झाले १ एप्रिल १९५७ ला! म्हणजे आजीने नवा पैसा हातात घेतला होता. आईने हे कोर्टात सांगितलं तेव्हा समोरचे वकील हसले. साहेबांनी मात्र जबाबात लिहून घेतलं.

पण हसण्याचं कारणही होतं. आठवण म्हणजे कागद नव्हे. कागद मिळाला तो शाळेत. आई गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेली होती. ती लोकल बोर्डाची शाळा आता जिल्हा परिषदेची आहे. मी गेले होते आईच्या जन्मतारखेचा उतारा काढायला, वारस म्हणून वय दाखवण्यासाठी. मुख्याध्यापिका बाईंनी पत्र्याच्या पेटीतून जनरल रजिस्टर काढलं. आईचं नाव सापडलं. शेवटी दोन रकाने असतात, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचं कारण. तारीख नोव्हेंबर १९५७ ची. कारण : ‘आई मयत. मामाकडे गेली.’

बाईंनी मला पाणी दिलं. आम्ही दोघी थोडा वेळ बोललो नाही.

घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, “मास्तरांनी लिवलं व्हतं म्हंजे.” मग बऱ्याच वेळाने, “मला पाचवीला बसायचं व्हतं.” तोवर मला तिचं शिक्षण गरिबीने सुटलं एवढंच माहीत होतं. आजीच्या मरणाचा सरकारी कागद होता, पण मृत्यूच्या वहीत नव्हता. एका मुलीची शाळा बंद झाली त्या ओळीत होता.

शाळेच्या रजिस्टरचा उतारा, मुख्याध्यापिकेची साक्ष, पीकपाहणी, आईचा जबाब, पंचांगावरून काढलेली तारीख, हे सगळं एकमेकांशी जुळलं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघाली, भावकीने हरकत घेतली, तीही ऐकली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये हुकूम झाला आणि ग्रामपंचायतीने नोंद केली. सहासष्ट वर्षांनी आजी सरकारदरबारी वारली.

नोंद करतानाही एक अडचण आलीच. फॉर्मवर रकाना असतो, मयताच्या आईचं नाव. आजीच्या आईचं नाव आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. शिवाय आजीचं माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं, आणि फेरफाराला लागलेलं दुसरं. आई हट्टाने आजीच्या माहेरी गेली. तिथे नव्वदीच्या पुढची एक आत्या होती, तिने दोन्ही नावं सांगितली. आज त्या दाखल्यावर आजीचं नाव आहे, ‘उर्फ’ लिहून दोन्ही, आणि खाली पणजीचं. माझ्या पणजीचं नाव छापील कागदावर आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दाखल्यावरून मंडळ अधिकाऱ्यांनी आईच्या नावाने नोंद मंजूर केली. त्यावर भावकी प्रांतांकडे अपिलात गेली आहे. लढाई चालू आहे. पण १९५५ हे साल आता कुणी तोंडातून काढत नाही.

आता तुमच्या वह्या काढा.

पहिली गोष्ट. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. सासू मुंबईत वारली असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे मारू नका.

दुसरी. आधी शोध, मग अर्ज. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे फी भरून शोध घ्यायला लावण्याचा आणि मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागण्याचा हक्क कुणालाही आहे. त्याआधीच्या मृत्यूसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ बघा, विदर्भात कोतवाल बुक बघा. फार जुने कागद मोडीत असतात, वाचणारा जाणकार बरोबर न्या. बाईचं नाव सापडलं नाही तर नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, मुलाच्या नावाने शोधा. नोंद सापडली तर नक्कल घ्या, हुकुमाची गरजच नाही.

तिसरी. सापडली नाही तर ‘नाही’ हे लेखी घ्या. तोंडी ‘नाही’ला किंमत शून्य. अनुपलब्धतेचा दाखला हाच पुढच्या अर्जाचा पाया आहे.

चौथी. मृत्यू २१ दिवसांत कळवायचा असतो. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, आणि ३० दिवस ते एक वर्ष विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊन नोंद होते. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो, कलम १३ पोटकलम ३. पूर्वी हा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना होता, आम्ही तिथेच गेलो. आमचा हुकूम झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला. आता हा हुकूम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. म्हणजे कोर्टाऐवजी महसूल कचेरी. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराच्या नोंदींची तपासणी आणखी कडक केली, त्यामुळे अर्धवट कागद घेऊन जाऊ नका.

पाचवी. पुरावा मृत्यूच्या वहीबाहेर शोधा. शाळेचं रजिस्टर, जुनी मतदार यादी, रेशन कार्ड, दवाखान्याचा कागद, स्मशानभूमीची किंवा कब्रस्तानाची वही, चर्चची दफन नोंद, फेरफार, पीकपाहणी, पोस्टकार्ड. आणि बायकांना साल विचारू नका, ‘काय काय झालं होतं’ ते विचारा. नवे पैसे आले होते का? कोयनेचा भूकंप, म्हणजे डिसेंबर १९६७, तो आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला होती का? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, सप्टेंबर १९९३ ला, ती होती का? आपल्या बायकांकडे कॅलेंडर आहे, ते वाचायला शिकलं पाहिजे.

सहावी. मृत्यूचा दाखला फक्त मृत्यू सांगतो, वारस कोण ते सांगत नाही. वारस नोंद तलाठ्याकडे वेगळी करावी लागते. वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तिथे मिळणारा वारस दाखला आपल्याकडे अजून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली निघतो.

सातवी, परित्यक्ता आणि बेपत्ता नवऱ्यांच्या बायकांसाठी. सात वर्षं ज्याची खबर त्याच्या जवळच्यांनाही नाही, तो मृत आहे असं न्यायालय धरू शकतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. पण त्यासाठी तो बेपत्ता झाल्याची पोलिसात नोंद असली तर फार मदत होते. लाजेने ती करायची टाळू नका.

आठवी. खोटी तारीख कधीही लिहू नका. एजंट सांगेल, साल थोडं मागेपुढे करू, काम लवकर होईल. भावकीने तेच केलं होतं. आपण तेच केलं तर आपल्या खऱ्या तारखेवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

हे सगळं मी फक्त जमिनीसाठी सांगत नाही. संजय गांधी निराधार योजनेत विधवा म्हणून जायचं तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो. कोविडमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजार रुपये मिळायचे होते, तिथेही दाखल्यावर अडलेल्या बायका आपण पाहिल्या. आणि बापाच्या जमिनीतला हिस्सा. १९९४ चा महाराष्ट्राचा कायदा, २००५ ची केंद्राची दुरुस्ती, २०२० चा विनीता शर्मा खटल्याचा निकाल, हे हक्क आपण मिळवले. पण बाप १९५६ च्या आधी गेला की नंतर, हा प्रश्न आजही विचारला जातो. आधी गेला आणि मागे विधवा असेल तर मुलीला हिस्सा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. म्हणजे तारीख ही मुलीच्या हक्काची चौकट आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. पुरुष मेला की नोंद होते, कारण त्याच्या नावावर काहीतरी असतं आणि ते कुणाला तरी हवं असतं. बाईच्या नावावर काही नसतं, म्हणून तिच्या मरणाचा कागद कुणाला लागत नाही. १९६९ चा कायदा झाला तेव्हा घरातला मृत्यू कुणी कळवायचा याची यादी त्यात होती. घरप्रमुखाने, तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातेवाइकाने, आणि तोही नसेल तर घरातल्या वयाने सर्वांत मोठ्या ‘पुरुषाने’. आईच्या उशाशी बसलेली अकरा वर्षांची मुलगी सोडा, चाळीस वर्षांची सून असली तरी त्या शेवटच्या ओळीत तिला जागा नव्हती. लक्ष्मीमुक्तीच्या काळात आपण सातबारावर बाईचं नाव मागितलं. मृत्यूच्या रजिस्टरमध्येही तिचं नाव मागायला हवं.

म्हणून प्रत्येक गटाने दोन कामं घ्यावीत. एक, गावात जिच्या माहेरच्या किंवा सासरच्या माणसाची नोंद राहिली आहे अशा बायकांची यादी करायची. नाव, नातं, तिथी, आठवणीची खूण, कुठला कागद मिळू शकेल, असे पाच रकाने आखा. दोन, इथून पुढे गावात बाई वारली की तेराव्याची वाट न बघता आपल्यातल्या कुणीतरी जाऊन नोंद झाली का ते बघायचं, आणि तिचं स्वतःचं नाव, तिच्या आईचं नाव बरोबर लिहिलंय का ते वाचायचं. २१ दिवसांत होणारं काम आहे. आमच्या घरात ते राहिलं, त्याला सहासष्ट वर्षं लागली.

पुढच्या बैठकीला याद्या घेऊन या. माझी आईही येणार आहे. अभिलेख कक्षात कुणाबरोबर जायचं असेल तर मी येते, म्हणाली. सत्तरी उलटली तरी धूळ तिला सोसते.